डावा कान

लिलाव पुकारण्याआधी तो उजवा तळवा उजव्या कानामागे धरायचा आणि म्हणायचा, "बोला. हिकडनं बोला. डाव्या कानाला ऐकू येत नाय."

पाचूबंदरच्या धक्क्यावर रोज सकाळी आणि वसईच्या गावांतून वर्षातले काही रविवार मी हे वाक्य ऐकले. त्या काळी मी मुंबईच्या एका दैनिकाचा वसईचा वार्ताहर होतो. अपघात, ग्रामपंचायती, सण आणि धर्मादाय लिलाव हे माझ्या वाट्याचे विषय. लिलावाची बातमी तीन ओळींची असे: कुठे झाला, कशासाठी झाला, किती जमले. पुकारणाऱ्याला तीन ओळींत जागा नसते. त्यामुळे तो कधी छापून आला नाही. त्याला जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्याचे नाव इथेही लिहीत नाही. वसईच्या जुन्या माणसांना ते सांगावे लागणार नाही आणि इतरांना त्याचा उपयोग नाही.

धक्क्यावर होड्या लागल्या की मासळीच्या टोपल्या पुकारणे हा त्याचा धंदा. त्याची दलाली तो घेई. गावांतले लिलाव मात्र तो फुकट पुकारी. येण्याजाण्याची सायकल स्वतःची, घसा स्वतःचा.

त्याचा डावा कान ठणठणीत होता. हे मला दुसऱ्या वर्षी कळले. धक्क्यावर त्याच्या डाव्या हाताला दोन मासेवाल्या कुजबुजत होत्या. त्यांतली म्हातारी म्हणाली, "मेला आज न पिता आलाय. भाव काय उतरायचा नाय."

त्याने मान न वळवता उत्तर दिले, "काल पन नव्हती घेतली, मावशे."

तेव्हापासून मी त्याचा डावा कान कुणासाठी बंद होतो ते पाहू लागलो. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही तेच केले असते. एका सणाच्या दिवशी वीटभट्टीवरचा एक तरुण गडी सासऱ्यासमोर शौर्य दाखवायला उभा राहिला आणि मोठ्या घोळ माशावर बोली चढवू लागला. त्याच्या मागे त्याची बायको मूल कडेवर घेऊन उभी होती. तिसऱ्या बोलीला पुकारणाऱ्याने सहज अंग वळवले, गडी त्याच्या डावीकडे आला आणि ऐकू येईनासा झाला. मासा एका बागायतदाराला गेला. गडी चिडून ओरडला, "बहिरा हायस काय?"

"हाय ना. पयलंच सांगितलं," तो म्हणाला.

सगळे हसले. बायकोने मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले.

परत येताना मी त्याला कानाबद्दल विचारले. तो सायकल हातात धरून चालत होता. त्याने वाटेतला एक खड्डा चुकवला. मग म्हणाला, "पेपरवाले, बोली तोंडातनं निघते, पैसा घरातनं जातो. मधी कोनीतरी बहिरा पायजे."

मी ते वहीत लिहून घेतले. छापण्याचा प्रश्न नव्हता.

त्याचे खरे काम होळी गावातल्या प्रसूतिगृहासाठी होते. एका मुंबईकराच्या मालकीचे कौलारू घर, समोर ओटी, आठ खाटा आणि एक नर्सबाई. गावांतल्या काही माणसांनी ट्रस्ट करून ते चालवले होते. अध्यक्ष सांडोरचे एक निवृत्त मास्तर. प्रसूतिगृहाचा खर्च बाळंतिणींकडून निघत नसे; तो लिलावातून निघे. लिलावाला वस्तू लोकांनीच द्यायच्या: राजेळी केळ्यांचा घड, सुकेळ्यांचे पुडे, विड्याच्या पानांची करंडी, नारळ, एखादी घोळ. जो बोली जिंकेल त्याने पैसे भरायचे आणि वस्तू पुन्हा टेबलावर ठेवायची. ती परत पुकारली जाई. चांगला घड एका दुपारी पाच-सहा वेळा विकला जायचा. रीत कुठे लिहिलेली नव्हती, पण जिंकलेला घड उचलून घरी नेणाऱ्याची वर्षभर थट्टा व्हायची.

एक तांबडा कोंबडा या रीतीत अडकला. तीन वर्षे तो लिलावात आला, दर वर्षी चढत्या भावाने गेला आणि दर वर्षी परत आला. एरवी तो प्रसूतिगृहाच्या परसात असे आणि भलत्या वेळी आरवून बाळे उठवी. नर्सबाई कंटाळल्या. "दादा, यंदा तरी ह्याला कुणाच्या तरी गळ्यात बांधा हो," त्या म्हणाल्या.

"बाई, तो आता ट्रस्टी हाय," तो म्हणाला. "ट्रस्टीला कोन कापतं?"

मास्तर शेजारीच बसले होते. ते सगळ्यांत शेवटी हसले. कोंबडा पुढे म्हातारा होऊन मेला.

लिलावानंतर इतर संस्था देणगीदारांना छापील पावती पाठवत. हा पावती देऊन थांबत नसे. सामान घेतले की तो सायकलीवरून घरोघर जाई आणि प्रत्येकाला त्याच्या पैशाचे काय झाले ते वस्तू दाखवावी तसे सांगे. "तुमच्या घडाची गादी आली. नंबर तीन." "तुमच्या पानांचा बंब. पानी बगा कसं तापतंय, येऊन बगा." पुढे त्या गादीवर बाळंतपण झाले की तो पुन्हा त्या दारात उभा. "तुमच्या तिनावर पोरगी झाली. साडेपाच पौंड. रडली लगेच." ज्या माणसाने आयुष्यात कुणाला चहा पाजला नाही तोही मग लिलावाच्या आधी विचारू लागे, "काय रे, यंदा आमच्या खाटेवर किती झाली?" शेजाऱ्याच्या खाटेवर जास्त झाली असतील तर त्याला ते लागे. पुढच्या लिलावात तो जास्त बोले.

त्याला सगळ्या खाटांचे सगळे पाठ होते. वह्या नर्सबाई ठेवत; पण काही विचारायचे झाले तर त्याही वही उघडण्याआधी त्याला विचारत.

त्याचे कारण त्याने मला सांगितले नाही. नर्सबाईंनी सांगितले. त्याच्या बायकोची पहिली दोन बाळंतपणे वाटेत झाली होती. एक टांग्यात, एक स्टेशनच्या बाकावर. दोन्ही मुले गेली. तिसरी मुलगी होळीच्या या घरात झाली, ते सुरू झाले त्याच वर्षी, खाट नंबर एकवर. ती मुलगी जगली. तिचे लग्नही झाले. एवढीच हकिकत आहे. ती सांगताना नर्सबाई सुया उकळत होत्या आणि त्यांनी हात थांबवला नाही.

ऐंशीनंतर वसईत जमिनीचे भाव निघाले. बिल्डर आले. मुंबईकर मालकाने होळीचे घर विकायला काढले. तो वाईट माणूस नव्हता. त्याने पहिला हक्क ट्रस्टला दिला. नाताळच्या आत पंधरा हजार बयाणा द्या, उरलेले दोन वर्षांत फेडा, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे. ट्रस्टच्या हाती सात होते. मास्तरांनी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सांडोरच्या शाळेच्या मैदानात लिलाव ठरवला.

आधीचे दोन आठवडे तो धक्क्यावरून थेट गावांत जात होता. एकदा मी त्याच्याबरोबर फिरलो. सात दारे झाली. दोन घरांना कुलूप. माणसे मुंबईला नोकरीला. एका वाडीत विहिरीजवळ मोजणीचे खुंट ठोकलेले होते. गादी नंबर तीनवाला बागायतदार दारात आला, त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "अरे, आता सुना मुंबईच्या इस्पितळात जातात. तिनावर आमचं कोण झोपणार?"

"दुसऱ्याचं कोनीतरी झोपंल," तो म्हणाला.

"मग दुसऱ्यानं द्यावं."

परत येताना तो म्हणाला, "देतील. टेबलावर घड दिसला की देतील."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर लोक आले. पूर्वीच्या निम्मे असतील. मी टेबलासमोर, दहा-बारा फुटांवर बाकावर वही घेऊन बसलो होतो. त्याने धुतलेला सदरा घातला होता. उजवा तळवा कानामागे गेला, वाक्य झाले, लोक सवयीने हसले. पहिला घड एका दुकानदाराला गेला. त्याने पैसे भरले, घड उचलला, सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि निघाला.

"परत ठेवायचा असतो, शेट," मास्तर म्हणाले.

"पैसे दिलेत ना?" दुकानदार म्हणाला.

त्याची थट्टा करायला कुणी पुढे आले नाही. नंतर आणखी दोघांनी तसेच केले. तिसऱ्या वस्तूनंतर टेबलावर मोकळी जागा दिसू लागली.

दुसरा मोठा घड निघाला तेव्हा बोली सव्वाशेवर अडली होती. माझ्या मागून आवाज आला, "पाच हजार."

मागे मिठागरांपलीकडच्या पाड्यातला एक भातशेतकरी उभा होता. पायात काही नाही, अर्धी विजार, खांद्यावर पंचा, दोन पायांच्या मध्ये सिमेंटची जुनी पिशवी गुंडाळून ठेवलेली. त्याच्या शेजारी त्याचे दोघे भाऊबंद. धक्क्यावर हा माणूस उरलासुरला जवळा उधारीने नेत असे. पुकारणारा त्याला चांगला ओळखत होता.

मैदानात हसू पसरले. कुणीतरी ओरडले, "अरे, पाच हजारात शून्यं किती ते सांग आधी!"

पुकारणाऱ्याने अंग वळवले. शेतकरी त्याच्या डावीकडे आला.

"सव्वाशे एक वार," तो म्हणाला.

"पाच हजार!" शेतकरी पुन्हा म्हणाला. आता त्याचा आवाज चिरकला.

त्या माणसाचे नाव माझ्या वहीत होते. आठवड्यापूर्वी जमिनीच्या व्यवहारांच्या बातमीसाठी मी रजिस्ट्रार कचेरीत खरेदीखते पाहिली होती. रेल्वेलगतची भातजमीन, विकणारे तीन भाऊबंद, तीन अंगठे. सिमेंटच्या पिशवीत काय असावे हे त्या मैदानात त्या तिघांखेरीज फक्त मला ठाऊक होते. वार्ताहराने लिलावात बोलू नये असा नियम आहे. मी तो पाळला.

पुकारणारा एरवी नुसता न ऐकल्यासारखे करी. त्या दिवशी लोक फार हसत होते म्हणून असेल, त्याने त्या माणसाला वाचवायला एक पाऊल जास्त टाकले. तो त्याच्याकडे पाहून मऊपणे म्हणाला, "बाबा, बस खाली. घरी पोरं हायत."

शेतकऱ्याने वाकून पिशवी उचलली. काखेत धरली. तिघेही फाटकातून निघून गेले. घड दीडशेला गेला, आणि जिंकणाऱ्याने तो घरी नेला.

दुपारअखेर तीन हजारांवर थोडे जमले. सात आधीचे होते. बेरीज कुणालाही करता येईल.

मैदान मोकळे झाल्यावर मी त्याला जमिनीचे आणि पिशवीचे सांगितले. तो टेबलावरचा कागद काढत होता. त्याने हात थांबवला.

"तुम्ही तितंच बसला होता," तो म्हणाला.

"हो."

"मंग?"

मी वही मिटली. त्याने पुन्हा विचारले नाही. त्यानंतर तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलत राहिला, पण ते "मंग" तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी धक्का आटोपून तो पाड्यावर गेला. मीही गेलो. हँडलला एक चांगली घोळ लटकवलेली होती. शेतकऱ्याच्या कुडाच्या घराशेजारी विटांच्या भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. अंगणात सात-आठ वर्षांची मुलगी गारगोट्या खेळत होती. शेतकरी ओल्या भिंतीवर पाणी मारत होता. त्याने आम्हाला पाहिले आणि पाणी मारत राहिला.

"चुकलं माजं," पुकारणारा म्हणाला.

शेतकऱ्याने डबा भरून पुन्हा भिंतीवर ओतला.

"ही पाचावरची ना?" त्याने मुलीकडे पाहिले. "पावनेसहा पौंड होती. नर्सबाईनी उलटी धरली तवा रडली."

शेतकऱ्याने डबा खाली ठेवला. "एवढं ध्यानात हाय. आनि माजा आवाज ध्यानात नव्हता?"

"होता. म्हनून तर नाय ऐकला."

"म्हंजे?"

"तुज्या घरातनं पैसा जाऊ नये म्हनून."

"पैसा घरातनं आनलेलाच होता," शेतकरी म्हणाला. "तिच्या खाटेपायी आनला होता. तिघांचा मिळून. जन्मात एकदा सगळ्या गावासमोर बोललो. आनि तू काय केलंस? सगळ्या गावासमोर मला गरीब ठेवलंस."

पुकारणाऱ्याने सायकल कुडाला टेकवली. मग म्हणाला, "पुढल्या रविवारी परत लिलाव लावतो. तुज्याकडं तोंड करून उबा राहतो. तू एक रुपया बोल, पन बोल."

"आता नाय."

"माज्यासाठी नको. त्या घरासाठी."

"आता नाय," शेतकऱ्याने पुन्हा सांगितले, आणि डबा उचलला. त्याची बायको कुडाच्या दारात आली होती. तिने घोळीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि आत गेली.

मासा हँडललाच परत निघाला. उन्हात त्याला वास येऊ लागला होता. मिठागराच्या बांधावर त्याने तो सोडवून कुत्र्यांपुढे टाकला. कुत्र्यांचे संपेपर्यंत तो तिथे थांबला.

मास्तरांनी पत्रे पाठवली. दोघांनी आश्वासने दिली, एकाने उत्तरच दिले नाही. मीही चार ओळींचे आवाहन लिहून पाठवले. जागेअभावी ते छापले गेले नाही. नाताळ झाला. मालकाने आठ दिवस वाढवून दिले, मग बिल्डरचा बयाणा घेतला. मार्चअखेर घर खाली करायचे ठरले.

त्या तीन महिन्यांत धक्क्यावर त्याने आपले वाक्य एकदाही म्हटले नाही. तळवाही कानामागे गेला नाही. एका सकाळी एक नवी मासेवाली, धंद्याला महिनाही झाला नसेल, ईर्षेने बोंबलाच्या टोपलीवर वाटेल ते बोलली. ती त्याच्या डाव्या हाताला होती. त्याने तीन वार पुकारून टोपली तिच्या नावावर टाकली. ती पोर टोपलीकडे पाहत राहिली.

म्हातारी मासेवाली पुढे झाली. "अरे मेल्या, नवी हाय ती! ऐकलंस कशाला?"

"बोलली ती. मी ऐकलं."

"तुजा कान काय झाला?"

"बरा झाला," तो म्हणाला आणि पुढच्या टोपलीकडे वळला.

घर खाली करताना सामानाचा लिलाव पुकारायला मास्तरांनी त्यालाच बोलावले. दुसऱ्या कुणाला बोलावणे बरे दिसले नसते. मार्चची दुपार होती. अंगणात आठ खाटा ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीवर रंगाने नंबर. बंब, कंदील, गाद्या ओटीवर. मास्तर खुर्चीवर, नर्सबाई पायरीवर. त्यांची ट्रंक बांधून झाली होती, त्या पालघरला भावाकडे जाणार होत्या. मालकाचा माणूस फाटकाशी. मी. आणि हातगाडी घेऊन आलेला एक भंगारवाला.

"सगळं मिळून किलोवर सांगा," भंगारवाला म्हणाला. "टाइम कशाला घालवता?"

"किलोवर नाय. एकेक," तो म्हणाला.

त्याने खाट नंबर एक पुकारली. ती कुणी दिली, कोणत्या वर्षी दिली आणि तिच्यावर किती जन्मली ते सांगितले. आपल्या मुलीचे त्याने सांगितले नाही. भंगारवाल्याने एक आकडा टाकला. दुसरा बोलणारा नव्हता. एक वार, दोन वार, तीन वार. दुसरी त्याच आकड्याला गेली. तिसरी, चौथी तशीच. प्रत्येक वेळी तो देणाऱ्याचे नाव घेई आणि भंगारवाला नाव संपण्याची वाट पाहत उभा राही. नर्सबाई जमिनीकडे पाहत होत्या.

पाचवी आली. तिचे त्याने काही सांगितले नाही. तो फाटकाकडे तोंड करून उभा राहिला. बाहेर मिठागरांकडून येणारा रस्ता होता, रस्त्यापलीकडे केळीची बाग. त्याने डावा तळवा उचलला आणि डाव्या कानामागे धरला. तसे करताना मी त्याला त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"खाट नंबर पाच," तो म्हणाला. "बोला."

भंगारवाल्याने उजवीकडून आपला आकडा सांगितला. त्याने मान वळवली नाही. भंगारवाला पुन्हा बोलला, मोठ्याने.

"अहो, तो बोलतोय," मास्तर म्हणाले.

रस्त्यावरून एक सायकल गेली. मग कुणीच गेले नाही.

"बोला," तो फाटकाकडे म्हणाला, आणि तळवा कानामागे धरून उभा राहिला.